ट्रेकवरचा हलका वॉटर फिल्टर: तो काय अडवतो आणि काय नाही?

पावसाळा लागला की नागपूरच्या जरीपटक्यापासून मानेवाड्यापर्यंत अनेकांची पावले सातपुड्याकडे वळतात. कुणी चिखलदऱ्याला गाविलगड पाहायला जातो, तर कुणी पचमढीजवळच्या नागद्वार यात्रेला. नागपंचमीच्या आधी भरणाऱ्या या यात्रेत विदर्भातले भाविक मोठ्या संख्येने असतात आणि डोंगर चढत-उतरत बरेच अंतर पायी जावे लागते.

अशा वाटेवर सॅकमधली सर्वात जड वस्तू म्हणजे पाणी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, आणि दिवसभराच्या चढाईला तीन-चार लिटर तरी लागते. त्यामुळे मुठीत मावणारा, शंभर ग्रॅमपेक्षा हलका वॉटर फिल्टर भटक्यांना सोयीचा वाटतो. रीलमध्ये कुणीतरी ओढ्यात नळी बुडवतो, पाणी ओढतो आणि अंगठा दाखवतो. पण हे पाणी खरेच सुरक्षित असते का?

स्वच्छ दिसणारे पाणीही घात करते

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन अतिसाराची साथ पसरली आणि काही जणांचा जीव गेला. पर्यटक ज्या महिन्यांत मेळघाटात जातात, तेच हे दिवस.

पहिल्या पावसात जमिनीवरची विष्ठा, शेण आणि कुजका पालापाचोळा वाहून ओढ्यांत आणि विहिरींत उतरतो. वरच्या बाजूला वस्ती, गुरांचा गोठा किंवा यात्रेकरूंचा मुक्काम असेल, तर खालच्या झऱ्याचे पाणी नितळ दिसूनही दूषित असू शकते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची उघडी टाकीही याला अपवाद नाहीत.

फिल्टर काम कसा करतो?

बहुतेक हलक्या फिल्टरमध्ये शेवयांसारख्या बारीक, पोकळ तंतूंची जुडी असते. प्रत्येक तंतूच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांचा आकार साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाणी छिद्रांतून पार होते आणि त्याहून मोठे कण बाहेर अडकतात. वीज लागत नाही, औषध लागत नाही. ही एक अत्यंत बारीक चाळणी आहे, इतकेच.

या प्रकारातला प्रसिद्ध ‘लाइफस्ट्रॉ’ २००५ मध्ये आला. तो बनवणाऱ्या वेस्टरगार्ड कंपनीने त्याआधी आफ्रिकेत नारू रोगाविरुद्ध पाणी गाळायच्या साध्या गाळण्या पुरवल्या होत्या. नारू महाराष्ट्रालाही नवा नव्हता. पायविहिरींच्या पाण्यातून तो पसरे आणि पाणी कापडाने गाळून पिणे हा त्यावरचा मोठा उपाय होता. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला.

काय अडते, काय निसटते?

सगळा हिशेब आकाराचा आहे.

• जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पोटाचे परजीवी ४ ते १२ मायक्रॉनचे असतात. ते सहज अडतात.
• कॉलरा, टायफॉइड आणि हगवणीचे जिवाणू साधारण अर्धा मायक्रॉन ते काही मायक्रॉनचे. तेही अडतात.
• विषाणू मात्र ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. काविळीचे हिपॅटायटिस ए आणि ई, तसेच रोटाव्हायरस या चाळणीतून पार होतात.

इथेच परदेशी व्हिडिओ फसवतात. अमेरिका किंवा युरोपातल्या निर्जन डोंगरात माणसाची विष्ठा पाण्यात मिसळण्याची शक्यता कमी असते, म्हणून तिथे नुसता फिल्टर पुरेसा मानला जातो. आपल्याकडे बहुतेक ओढ्यांच्या वर कुठे ना कुठे गाव असते. दूषित पाण्यातून होणारी कावीळही भारतात नेहमीची. त्यामुळे इथे नुसत्या फिल्टरवर विसंबणे धोक्याचे ठरते.

क्षार आणि फ्लोराइडचे काय?

घरातल्या आरओशी या फिल्टरची तुलना करू नये. आरओचा पडदा पाण्यात विरघळलेले क्षारही अडवतो. हलका फिल्टर त्यांना हातही लावत नाही.

विदर्भात ही गोष्ट महत्त्वाची आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले भूजल खारट आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. फिल्टरने किंवा उकळून फ्लोराइड जात नाही. शेतातून वाहणाऱ्या पाण्यातली कीटकनाशके आणि खतेही जात नाहीत. म्हणून कापसाच्या किंवा संत्र्याच्या शेताखालचा नाला फिल्टर असला तरी टाळावा.

मग सुरक्षित पद्धत कोणती?

फिल्टर आणि क्लोरीन एकत्र वापरणे. दोघांच्या उणिवा एकमेकांना भरून काढतात. क्लोरीन विषाणू मारते, पण क्रिप्टोस्पोरिडियमवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तो परजीवी फिल्टर अडवतो.

१. वाहते पाणी निवडावे. वस्ती, पायवाट आणि गुरांच्या पाणवठ्याच्या वरच्या बाजूने भरावे.
२. पाणी गढूळ असेल तर भांड्यात निवळू द्यावे. तुरटी फिरवल्यास गाळ लवकर बसतो. वरचे पाणी चार घड्यांच्या सुती कापडातून गाळावे. बांगलादेशात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला होता.
३. हे पाणी फिल्टरमधून दुसऱ्या, स्वच्छ बाटलीत घ्यावे.
४. त्यात क्लोरीनची गोळी टाकावी. किती लिटरला किती गोळ्या हे पाकिटावर पाहावे, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. किमान ३० मिनिटे थांबावे.

चूल किंवा स्टोव्ह असेल तर उकळणे सर्वात खात्रीचे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे. जिवाणू, विषाणू आणि परजीवी, तिन्ही मरतात.

एक चूक वारंवार होते. ओढ्याचे पाणी भरलेल्या बाटलीच्या झाकणालाच तोंड लावले जाते किंवा त्याच बाटलीत गाळलेले पाणी ओतले जाते. कच्च्या पाण्याची बाटली वेगळी ठेवून तिच्यावर खूण करावी.

कोणता प्रकार घ्यावा?

नळीसारखा फिल्टर सर्वात हलका, पण त्यातून जागेवरच ओढून प्यावे लागते आणि क्लोरीन टाकायला वाव राहत नाही. पिशवी दाबून पाणी काढायचा फिल्टर आपल्याकडे जास्त उपयोगी, कारण गाळलेले पाणी बाटलीत साठवता येते. मोठ्या गटाला उंचावर टांगायची पिशवी बरी; पाणी आपोआप खाली येते. विषाणूही अडवणारे ‘प्युरिफायर’ मिळतात, पण ते महाग असतात. खरेदी करताना पाकिटावर ‘व्हायरस’ हा शब्द स्पष्ट लिहिला आहे का, ते पाहावे.

निगा

पाण्याचा वेग मंदावला की फिल्टर उलट्या दिशेने स्वच्छ पाण्याने धुवावा. अनेक फिल्टरसोबत त्यासाठी पिचकारी मिळते. विदर्भातल्या जड पाण्यामुळे तंतूंवर क्षार बसतात. उत्पादकाची सूचना असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवून ते काढता येतात. ठेवण्याआधी फिल्टर पूर्ण सुकवावा.

हिमालयात जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ओला फिल्टर गोठला तर आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. गोठल्याची शंका आली तर तो टाकून द्यावा.

उन्हाळ्यात फिल्टरचा भरवसा नाही

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातले बहुतेक ओढे आटतात. उरलेल्या डबक्यांत शेवाळ आणि जनावरांची घाण साचते, शिवाय तेच वन्यप्राण्यांचे पाणवठे असतात. तिथे माणसाने जाणेच योग्य नाही. अशा वेळी पूर्ण दिवसाचे पाणी पाठीवर नेणे हाच मार्ग.

पावसाळ्यातही निघताना दोन लिटर घरचे पाणी सोबत असावे. फिल्टर हा त्या पाण्याला जोड आहे, पर्याय नाही. आणि घरी परतल्यावर ताप, जुलाब किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर डॉक्टरांना ओढ्याचे पाणी प्यायल्याचे आवर्जून सांगावे. हिपॅटायटिस ई ची लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागू शकतात, तोवर ट्रेक विस्मरणात गेलेला असतो.