दमाने घ्या, असे कोणी म्हणावे?

मित्रहो, नाशिकला कधी आलात तर रामकुंडावर स्नान करून पंचवटीच्या चढाने तुम्ही काळारामाच्या देवळापर्यंत जालच. काळ्या पाषाणाचे भक्कम देऊळ, भोवती उंच तट आणि त्या तटाला चार दरवाजे. पेशवाईत सरदार ओढेकरांनी हे देऊळ बांधले. गाईड तुम्हाला हे सारे सांगेलच. मी आज सांगणार आहे ते त्या दरवाजांविषयी. ते उघडे कधी होते याविषयी मात्र नव्हे. बंद कधी झाले आणि कोणासाठी, याविषयी.

२ मार्च १९३० ही तारीख आपल्याकडच्या शिक्षकांनी फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. त्या दिवशी साबरमतीच्या आश्रमातून गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहिले, आणि पुढे दहा दिवसांनी मिठाच्या सत्याग्रहासाठी ते दांडीकडे निघाले. हे आपल्या पोरांना पाठ असते. पण त्याच २ मार्चला नाशकात सुमारे पंधरा हजार माणसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणुकीने काळारामाच्या देवळाकडे चालली होती, हे किती जणांना ठाऊक असते? ही माणसे गोदाकाठच्या खेड्यापाड्यांतून आली होती. त्यांना एकत्र आणण्याचे काम भाऊराव कृष्णराव गायकवाड यांनी केले होते. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा तरुण पुढे दादासाहेब गायकवाड म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला.

मिरवणूक देवळापाशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. दारांवर पोलीस होते. लोक माघारी वळले, गोदावरीच्या घाटावर सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. या पंचवीस बायांचा आकडा मला नेहमी थांबवतो. घरची चूल आणि शेतातली मजुरी सोडून त्या काळी बाईने दगडी उंबऱ्यासमोर बसावयाचे, ही साधी गोष्ट नव्हती.

महिन्याभराने, ९ एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातला रथाचा दिवस आला. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा असा समेट ठरला होता. पण ऐनवेळी सत्याग्रहींना हात लावू न देताच दुसऱ्या बाजूने रथ पळविला. भास्कर कद्रे नावाचा एक तरुण पोलिसांचे कडे तोडून रथापर्यंत गेला आणि जखमी होऊन पडला. दगडफेक झाली, तीत बाबासाहेबांनाही मार बसला. आणि गोष्ट एवढ्यावर थांबली नाही, बरं का. जिल्ह्यात ठिकठिकाणी अस्पृश्यांच्या मुलांना शाळेची दारे बंद झाली, रस्ते अडविले गेले, बाजारात मीठमिरची मिळेना. देऊळ मागितले म्हणून शाळा गेली!

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या वेळी भल्या भल्या माणसांचे म्हणणे असे होते की, देश स्वातंत्र्यासाठी लढतो आहे, अशा वेळी घरातले भांडण कशाला? मने हळूहळू बदलतील, जरा दमाने घ्या. ही माणसे दुष्ट नव्हती. त्यांतील कित्येक खादी वापरणारी, तुरुंगात जाणारी होती. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा आपण नीट विचार केला पाहिजे. त्यांना दुष्ट ठरविले की आपण सुटतो, आणि प्रश्न तिथेच राहतो.

हिशेब करून पाहू. देवळे सर्वांना खुली करणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४७ साली झाला. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आले. म्हणजे १९३० साली दहा वर्षांचा असलेला मुलगा कायद्याने देवळात पाऊल टाकण्याजोगा झाला तेव्हा सत्तावीस वर्षांचा बाप्या होता. ही सतरा वर्षे कोणाच्या आयुष्यातून गेली? दमाने घ्या म्हणणाऱ्याच्या नाही. सबुरीचा सल्ला देणारा एक आणि सबुरीची किंमत मोजणारा दुसरा, असे जेव्हा असते तेव्हा तो सल्ला कितीही गोड असला तरी न्यायाचा नसतो. स्वतःच्या हक्काबाबत कोणी थांबायचे ठरविले तर तो त्याचा संयम. दुसऱ्याच्या हक्काबाबत आपण थांबायला सांगतो, त्याला संयम म्हणता येणार नाही.

कोणी विचारील, मग सत्याग्रहाने मिळाले काय? दरवाजा तर उघडला नाही. खरे आहे. अधूनमधून खंड पडत हा लढा १९३५ पर्यंत चालला आणि दार बंदच राहिले. पण बाबासाहेबांनी १९३४ च्या मार्चमध्ये दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले होते की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता. आपली स्थिती काय आहे याची त्यांना जाणीव व्हावी, त्यांच्यात जोम यावा म्हणून तो होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे त्यांनी जाहीर केले, आणि १९५६ साली नागपूरला ते खरे केले. पाच वर्षे दार बंद ठेवणाऱ्यांच्या लक्षात आले नाही की बाहेरचा माणूस कधी तरी पाठ फिरवून निघूनही जातो. मग दार उघडून काय उपयोग?

दादासाहेबही देवळापाशी थांबले नाहीत. १९५७ साली ते नाशिकहून लोकसभेवर गेले, आणि १९५९ व १९६४ साली त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह चालविले. देवळाच्या दारातून निघालेली वाट शेताच्या बांधापर्यंत गेली, कारण मान आणि भाकरी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे रामनवमीनंतरच्या बाजारबंदीनेच त्यांना शिकविले असणार, असे मला वाटते.

काळारामाचे दार आज सर्वांना उघडे आहे. म्हणून हा विषय संपला असे समजू नका. तुमच्या गावाकडे एकदा चष्मा पुसून पाहा. पाणवठ्यावर कोण आधी भरतो? लग्नाची वरात कोणत्या आळीतून जाऊ देत नाहीत? स्मशान एक आहे की दोन? शाळेतल्या खिचडीला पोरे कशी बसतात? गुरुजी, तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोण बसते आणि का, हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

या प्रश्नांवर मत विचारले की आपण लगेच म्हणतो, ‘बदलतंय हो हळूहळू.’ बदलते आहे, हे मी नाकारीत नाही. पण पुढच्या वेळी हे वाक्य ओठांवर आले, तर क्षणभर थांबून स्वतःलाच विचारा की, या हळूहळूचे दिवस कोणाच्या खात्यावर मांडले जात आहेत? उत्तर स्वतःचे नाव नसेल, तर ते वाक्य गिळावे, आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसावे. दरवाजासमोर बसलेल्या त्या पंचवीस बायांना निदान सोबत तरी मिळाली असती.