सीटला माणूस कळायला लागला तेव्हा

गाडीची पुढची सीट म्हणजे फोम, कव्हर आणि चार बोल्ट, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून मग आपली मळलेली सीट काढून त्याच गाडीच्या दुसऱ्या व्हेरिएंटची लेदरवाली सीट बसवली जाते. भोकं तंतोतंत जुळतात, बोल्ट आवळले जातात. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, तो विझायचं नावच घेत नाही. सीटखाली एक कनेक्टर लोंबत राहिलेला असतो आणि त्याला जोडायला नव्या सीटकडे काहीच नसतं. तो कनेक्टर तिथे कसा आला, ही गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती फारशी सुखाची नाही.

एअरबॅगची कल्पना जुनी. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन हेट्रिक यांना १९५३ साली तिचं पेटंट मिळालं. सत्तरच्या दशकात जनरल मोटर्सने एअरबॅग असलेल्या सुमारे दहा हजार गाड्या विकल्या आणि गिऱ्हाईक मिळेना म्हणून नाद सोडला. खरा प्रश्न उभा राहिला तो सरकारने सक्ती करायची ठरवल्यावर.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सीटबेल्ट लावणारे लोक जेमतेम १४ टक्के होते. बेल्ट लावायला लोक तयार नाहीत, तर मग बेल्ट न लावताही जीव वाचवेल अशी वस्तू गाडीत बसवा, असा सरकारी विचार होता. त्यामुळे चाचणी ठरली ती अशी : बेल्ट न लावलेला, सरासरी पुरुषाच्या मापाचा, सुमारे ७८ किलोचा पुतळा. ताशी ४८ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळणार आणि पुतळा वाचला पाहिजे. एवढा ऐवज हवेतच थोपवायचा तर पिशवी प्रचंड जोराने फुगायला हवी. ती तशीच बनवली गेली. डोळ्याची पापणी लवण्याआधी, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने उसळणारी.

१९९१ च्या कायद्याने पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत ती आली. पण त्या सीटवर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलंही बसत होती. मागे तोंड करून ठेवलेल्या बाळाच्या सीटचा पाठीकडचा भाग तर डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेला असतो. पार्किंगमधल्या किरकोळ धडकेत, जिथे एरवी बंपर चेपला असता, तिथे मुलं दगावू लागली. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळेच झालेले मृत्यू २९० हून अधिक आहेत आणि त्यातले बहुतेक १९९८ पूर्वीच्या गाड्यांमधले. याच एअरबॅगनी २०१७ पर्यंत अमेरिकेत ५० हजारांवर जीव वाचवल्याचा सरकारी अंदाज आहे, हेही खरं. पण ज्या घरातलं मूल गेलं, त्यांच्यापुढे हा हिशेब कोण मांडणार?

१९९७ साली पिशवीचा जोर कमी करायला परवानगी मिळाली. गरजूंना बंद-चालूचं बटण बसवून घेण्याची मुभाही मिळाली. मग मे २००० मध्ये मोठा नियम आला. एक वर्षाचं बाळ, तीन आणि सहा वर्षांची मुलं, लहानखुरी बाई असे वेगवेगळे पुतळे चाचणीत आले. आता मूल बसलं असेल तर पिशवी एकतर बंद राहायला हवी, नाहीतर हळुवार फुगायला हवी. सुमारे ४९ किलोची बाई बसली तर ती चालू हवी. २००३ ते २००६ दरम्यान हे टप्प्याटप्प्याने लागू झालं. म्हणजे सीटला माणूस ओळखणं भाग पडलं.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. काही कंपन्यांनी सीटच्या सांगाड्यात वजनकाट्यासारखे सेन्सर बसवले, काहींनी फोमखाली द्रव भरलेली चपटी पिशवी घालून तिच्यातला दाब मोजला. गंमत अशी, की मुलाची सीट बेल्टने घट्ट आवळली तर तो ताणच ती खाली दाबतो आणि दहा किलोचं मूल मोठ्या माणसाइतकं जड भासू शकतं. म्हणून बेल्टचा ताण मोजणारा आणखी एक सेन्सर आला. फोम किती कडक, कव्हर किती ताणलेलं, यानेही आकडा हलतो. म्हणूनच काही गाड्यांमध्ये फोम, सेन्सर आणि मॉड्यूल कारखान्यातच एकमेकांशी जुळवून एकत्र विकले जातात. त्यातलं एकच बदलायचं नाही. सीट बदलली की रिकाम्या सीटचं वजन म्हणजे शून्य, हे अनेक गाड्यांना नव्याने शिकवावं लागतं.

कंपन्यांनाही हे नेहमी जमलेलं नाही. २०१४ साली निसानने सुमारे दहा लाख गाड्या परत बोलावल्या, कारण मोठा माणूस बसलेला असतानाही सीट रिकामी आहे असं सॉफ्टवेअरला वाटू शकत होतं. २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत साडेसात लाख गाड्या बोलावल्या. तिथे चूक उलटी होती, पिशवी बंद राहायला हवी तेव्हा उघडण्याची भीती होती.

अशा वेळी जुगाड करणाऱ्यांचा उपाय ठरलेला असतो : सेन्सरच्या जागी एखादा रेझिस्टर किंवा तयार मिळणारा छोटा डबा जोडायचा. दिवा विझतो. सीटवर कायम मोठा माणूस बसला आहे असं गाडीला सांगितलं जातं आणि तिथे उद्या बाळाची सीट ठेवली तरी ती तेच मानते. नव्वदच्या दशकातली गाडी परत मिळते म्हणा ना.

आपल्याकडे पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती २०२१ मध्ये. इथल्या अनेक गाड्यांत सीटखाली फक्त एक साधी सेन्सर-मॅट असते. ती एअरबॅगला काही सांगत नाही, बेल्टची आठवण करणारा बीप तेवढा वाजवते, भाजीची पिशवी ठेवली तरीही. तो बीप बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा ऑनलाइन इतक्या खपत होत्या, की २०२३ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आदेश काढल्यावर अशा १३ हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या.