हीथ्रोला उतरा, गॅटविकहून उडा

मुंबईच्या फोर्टात विमानाची तिकिटं हाताने लिहायचो, तेव्हाची गोष्ट. मुंबई-लंडन-न्यूयॉर्कची कुपनं एकाच पुस्तिकेत असली, की कंपन्या दोन असल्या तरी प्रवासी निर्धास्त. पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय त्यांनी बघायची. 1945 साली हवानात स्थापन झालेल्या ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या छत्राखालच्या करारांची ही पुण्याई, तिची किंमत अर्थात भाड्यातच धरलेली.

26 सप्टेंबर 1977 रोजी फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ ही स्वस्त विमानसेवा सुटली आणि आमची गिऱ्हाइकं हिशेब मांडू लागली. लंडन-न्यूयॉर्क अवघे 59 पौंड! पण आगाऊ आरक्षण नाही. एसटीसारखं त्याच दिवशी रांगेत उभं राहून तिकीट काढायचं. जेवण विकत. शिवाय एअर इंडिया उतरणार हीथ्रोला, लेकरचं विमान सुटणार गॅटविकहून. म्हणजे इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा, कस्टम्स, मग लंडनला वळसा.

1978 पासून दोन्ही विमानतळांमध्ये चक्क हेलिकॉप्टर होतं. सुमारे पंधरा मिनिटांत पोचवायचं. पण 59 पौंडांच्या मागे लागलेला माणूस त्यात कशाला बसेल? तो बसनेच जायचा. खालचे रहिवासी हेलिकॉप्टरच्या आवाजाने वैतागलेले होते. एम-25 महामार्गाने दोन्ही विमानतळ जोडले गेल्यावर 1986 मध्ये ती सेवा बंद झाली. लेकरची कंपनी तर फेब्रुवारी 1982 मध्येच बुडाली होती.

त्याच 1986 मध्ये ब्रिटनने भारतीयांना व्हिसा सक्तीचा केला. तोवर लंडनमध्ये बाहेर पडून विमानतळ बदलायला आपला पासपोर्ट पुरत असे.