रुग्णाचा व्यायाम आणि आभासी वास्तव : एक ऐतिहासिक विवेचन

रुग्णालयात खाटेवर पडलेल्या मनुष्याला हातपाय हलवावयास लावणे हे वैद्यकातील फार जुने आणि अद्यापि पुरते न सुटलेले काम आहे. औषध रोग्याची इच्छा नसतानाही त्याच्या पोटात घालता येते. शस्त्रक्रिया त्याला बेशुद्ध करून उरकता येते. व्यायाम मात्र त्याचा त्यानेच करावा लागतो. गेल्या सुमारे तीन दशकांत या कामी 'आभासी वास्तव' या तंत्राची योजना होऊ लागली आहे. डोळ्यांपुढे पडदे असलेले शिरस्त्राण चढविले म्हणजे रुग्णास खोलीच्या भिंतींऐवजी बर्फाची दरी, रस्ता किंवा खेळाचे मैदान दिसते, आणि त्या दृश्यात रमून तो इष्ट ती हालचाल करतो, अशी ही कल्पना. तिच्याविषयी जे लेखन प्रसिद्ध होते त्यात ती सर्वस्वी अपूर्व असल्याचा सूर बहुधा आढळतो. या अपूर्वतेची छाननी करावयाची तर दोन इतिहास एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. एक उपकरणाचा, दुसरा गरजेचा. पहिला लहान आहे. दुसरा लांबचा आहे आणि तोच अधिक उद्बोधक आहे.

व्यायामाने आरोग्य लाभते हा विचार युरोपात प्राचीन. जिरोलामो मर्कुरियाले याचा 'दे आर्ते जिम्नास्तिका' हा ग्रंथ १५६९ साली व्हेनिस येथे छापला गेला, आणि त्यात ग्रीक व रोमन वैद्यांची मते एकत्र आली. परंतु हा उपदेश घरी राहणाऱ्या सुखवस्तू मनुष्यासाठी होता. त्यालाही व्यायामाचा कंटाळा येई, म्हणून आभासाची योजना फार लवकर सुरू झालेली दिसते. फ्रान्समधील आबे द सां-पिएर याने १७३४ च्या सुमारास घोडागाडीचे धक्के घरबसल्या देणारी एक खुर्ची पुढे आणली. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्झ याने १७९६ साली 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या, हात व पाय दोन्हींना फिरविण्यास लावणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. स्टॉकहोम येथे गुस्ताव झांडर या वैद्याने १८६५ साली आपली संस्था उघडली. तेथील यंत्रांमध्ये खोगीर घातलेले आणि घोड्याच्या चालीप्रमाणे हलणारे एक यंत्रही होते. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत तर विजेवर चालणारा घोडा होता, उंट होता, आणि जागच्या जागी चालणाऱ्या सायकलींपुढे काटलेले अंतर दाखविणारी तबकडीही होती. कोठेही न जाणाऱ्या मनुष्याला आपण किती दूर गेलो हे सांगणारी ही तबकडी आजच्या पडद्याची पणजी शोभावी अशी आहे.

रुग्णालयातील स्थिती मात्र याच्या नेमकी उलट होती. तेथे विश्रांती हेच औषध मानले जात असे. इंग्लिश शल्यविशारद जॉन हिल्टन याची विश्रांतीच्या महतीवरील व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने निघाली आणि पुढील दोनतीन पिढ्यांचे डॉक्टर त्यांवर पोसले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे खाटेवरून उठू न देणे हा सर्वमान्य शिरस्ता होता. या श्रद्धेला तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४४ साली अमेरिकेत विल्यम डॉक याने संपूर्ण शय्याविश्रांतीच्या दुष्परिणामांवर लेख लिहिला. १९४७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रिचर्ड अ‍ॅशर याचा अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवरील लेख आला. त्यात फुप्फुसे, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे आणि शेवटी मन असे एकेक घेऊन पडून राहण्याचा परिणाम त्याने उपरोधाने मांडला आहे. लेखकाची विनोदबुद्धी शाबूत असली म्हणजे वैद्यकीय निबंधही किती परिणामकारक होतो याचा तो नमुना होय. १९५२ साली सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी हृदयरुग्णांना आरामखुर्चीत बसविण्याचा उपचार प्रसिद्ध केला. पुढे डॅलस येथे १९६६ साली पाच तरुण, निरोगी पुरुषांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती सुमारे चतुर्थांशाहून अधिक घटली. याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. त्या तीन आठवड्यांनी त्यांच्या श्रमशक्तीची जी हानी केली होती ती तीस वर्षांच्या वयोमानाने केलेल्या हानीपेक्षा अधिक होती, असे आढळले.

रुग्णाने हालचाल केली पाहिजे हे याप्रमाणे सिद्ध झाले. त्याने ती का करावी, म्हणजे त्याला ती करावीशी का वाटावी, हा प्रश्न तसाच राहिला. त्याला पहिले मोठे उत्तर मिळाले ते प्रयोगशाळेत नव्हे, तर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात.

लुडविग गुटमान हा ब्रेस्लाउ येथील ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ नाझी राजवटीमुळे १९३९ साली इंग्लंडला आला, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्याच्याकडे सोपविण्यात आला. अशा रुग्णांविषयी त्या काळी कोणाला फारशी आशा नसे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनी ते बहुधा लवकरच दगावत. गुटमानने रुग्णांना ठराविक वेळाने कुशीवर वळविण्याची शिस्त घालून दिली, त्यांना बसते केले, कामाला लावले. खेळाची गोष्ट काही अंशी रुग्णांनीच शिकविली. चाकाच्या खुर्च्यांत बसून हातातील काठ्यांनी चकती टोलविताना ते दिसले आणि त्यातून खुर्चीवरचा पोलो निघाला. तो धसमुसळा ठरल्याने लवकरच मागे पडला. तिरंदाजी टिकली, कारण ज्या खांद्यांच्या व पाठीच्या स्नायूंवर या रुग्णांचे सारे उर्वरित आयुष्य अवलंबून होते तेच स्नायू धनुष्य ओढताना बळकट होतात. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९६० साली रोम येथे भरलेले सामने हे पुढे पॅरालिंपिकमधील पहिले गणले गेले.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. गुटमानने रुग्णाचे लक्ष व्याधीवरून दुसरीकडे वळविले असे म्हणणे अपुरे आहे. त्याने व्यायामाला एक विषय दिला. बाण निशाणावर लागतो किंवा चुकतो. शेजारचा गडी जिंकतो किंवा हरतो. हात शंभर वेळा उचला असे सांगितल्यावर मनुष्य दहाव्या वेळी थांबतो. तोच पुढचा बाण सोडण्यासाठी मात्र हात पुनःपुन्हा उचलतो.

महाराष्ट्राचा या परंपरेशी प्रत्यक्ष संबंध आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली पंगू झाले. मूळचे मुष्टियोद्धे असलेल्या पेटकरांनी उपचाराचा भाग म्हणून पोहण्यास आरंभ केला, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील सामन्यांत ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. कोणत्याही भारतीयास पॅरालिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले, हा आपल्या स्मरणशक्तीचा निराळाच इतिहास आहे.

आता उपकरणाकडे वळू. चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण केला, तेथून ही कथा सुरू होते. मॉर्टन हायलिग याच्या 'सेन्सोरामा' या यंत्रास १९६२ साली एकस्व मिळाले. त्यात बसणाऱ्यास मोटारसायकलवरून फिरल्याचा भास वारा व वासासकट होई. आयव्हन सदरलंड याने १९६८ साली डोक्यावर घालावयाचा आणि मान फिरेल तसे दृश्य बदलणारा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. 'आभासी वास्तव' ज्याचे भाषांतर आहे ती संज्ञा १९८० नंतरच्या दशकात जॅरन लेनियर याच्यामुळे रूढ झाली. येथवर रुग्णाचा संबंध कोठेच नव्हता.

तो आला भाजलेल्या रुग्णांच्या निमित्ताने. भाजलेली त्वचा भरून येताना आखडते, म्हणून सांधे रोज ताणावे लागतात, आणि हे ताणणे असह्य असते. सिअ‍ॅटल येथील हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटर्सन यांनी १९९६ पासून अशा रुग्णांना आभासी दृश्ये दाखविण्यास आरंभ केला. त्यांच्यासाठी मुद्दाम रचलेल्या 'स्नोवर्ल्ड' या खेळात रुग्ण बर्फाच्या दरीतून जात हिममानवांवर व पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. आगीने होरपळलेल्या मनुष्यापुढे बर्फ ठेवण्यातील कल्पकता उघड आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात बारा प्रौढ रुग्णांनी सांधे हलविण्याचे व्यायाम तीन मिनिटे शिरस्त्राणाविना व तीन मिनिटे शिरस्त्राणासह केले. वेदनेचा विचार मनात किती काळ होता हे त्यांनी शंभर मिलिमीटरच्या रेषेवर दाखविले, आणि ते माप ६० वरून १४ वर आले.

हा आकडा वारंवार उद्धृत होतो, व तो योग्यच आहे. परंतु त्यात मोजली गेली ती वेदना, हालचाल नव्हे. त्याच रुग्णालयातील एकोणचाळीस रुग्णांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेदना पुन्हा स्पष्टपणे घटलेली दिसली. सांध्याची हालचाल मात्र आभासी दृश्यासह सरासरी अवघी एक अंश अधिक झाली, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. काऊचा घास, चिऊचा घास म्हणत आई मुलाला जेवू घालते, तेव्हा मुलाची कुरकुर थांबते हे खरे. परंतु मूल एरवीपेक्षा अधिक जेवले की नाही हा प्रश्न वेगळा आहे. यातना कमी करणे हे स्वतःच मोठे पुण्यकर्म होय, आणि त्यासाठी या तंत्रास निराळ्या समर्थनाची गरज नाही. केवळ एका लाभाचा पुरावा दुसऱ्या लाभाच्या नावावर जमा करू नये, इतकेच.

व्यायामाच्या प्रेरणेची कसोटी पक्षाघाताच्या रुग्णांवर लागली. निन्टेन्डो कंपनीचे 'वी' हे खेळाचे यंत्र २००६ साली बाजारात आले आणि काही वर्षांतच अनेक पुनर्वसन केंद्रांत पोहोचले, कारण ते स्वस्त होते आणि हात हलविल्याखेरीज त्यावर खेळता येत नसे. (निरोगी माणसांचे खांदेही त्याने दुखावले, आणि २००७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्या दुखण्याचे थट्टेने बारसे झाले.) कॅनडातील गुस्ताव्हो सापोस्निक व त्याचे सहकारी यांनी चार देशांतील चौदा केंद्रांत १४१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. या चाचणीची रचना मला विशेष उल्लेखनीय वाटते. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला रिकामे न ठेवता पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचा मनोरा असले साधे खेळ देण्यात आले. दोन्ही गटांना दोन आठवड्यांत तासातासाच्या दहा बैठका मिळाल्या. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि त्यांत फरक आढळला नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या एकत्र केल्या होत्या. आभासी वास्तव नेहमीच्या उपचाराऐवजी दिले तर हाताला अधिक लाभ दिसत नाही, नेहमीच्या उपचारात त्याची भर घातली तर दिसतो, असे त्यातून निघाले. भर घातली म्हणजे एकूण वेळ वाढला, हे येथे विसरता येत नाही.

काही अभ्यासक या निष्कर्षावरून तंत्र निरुपयोगी ठरवू पाहतात. ते उतावीळपणाचे होईल. दोन खेळ समान ठरले याचा अर्थ दोन्ही निष्फळ असा होत नाही. शिवाय अधिक हालचाल म्हणजे नेहमीच हित, असेही नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका चाचणीत पक्षाघातानंतर पहिल्या चोवीस तासांतच जोमाने उठविण्यास आरंभ केलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी किंचित वाईटच आढळली. परंतु पत्त्यांचा जोड आणि 'वी' यंत्र समान ठरले असता त्या दोहोंत समान काय होते, हे पाहणे भाग आहे. दोन्ही ठिकाणी खेळ होता. दोन्ही ठिकाणी तासभर शेजारी बसणारा माणूस होता.

मेलबर्न येथे ज्युली बर्नहार्ट व तिच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांतील पक्षाघाताच्या ५८ रुग्णांची दिवसाची हालचाल ठराविक अंतराने टिपली आणि २००४ साली प्रसिद्ध केली. हे रुग्ण निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणावर पडून होते. उपयोगी म्हणता येईल अशी हालचाल त्यांनी १३ टक्के वेळात केली. ६० टक्के वेळ त्यांच्याजवळ कोणीही नव्हते.