संतुलनसंवेद, अंतर्कर्णीय

शरीर सरळ उभे आहे की कललेले, हे डोळे मिटूनही कळण्याची क्षमता. तिचे मुख्य इंद्रिय कानामागच्या हाडाच्या आत, अंतर्कर्णात असते. तळवे, सांधे, मान आणि नजर यांची साथ तिला लागते.

रचना व कार्य : प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि युट्रिकल व सॅक्यूल या दोन पिशव्या असतात. नलिका डोक्याचे वळणे टिपतात. उभेपणाची जाण मुख्यतः पिशव्या देतात. पिशव्यांतील केशकोशिकांवर चिकट थर असतो व त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक. डोके कलले की स्फटिक खालच्या अंगाला सरकतात, केस वाकतात आणि मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात. शरीराने एकाएकी वेग घेतला तरी स्फटिक असेच सरकतात. कलणे आणि वेग यांतला भेद मेंदू नेमका कसा करतो, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

बारामती–इंदापूर परिसर : संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण आषाढी वारीत बेलवाडी व इंदापूर येथे होते. त्यात संतुलनाची जवळजवळ सर्व अंगे एकत्र दिसतात. वळणावर स्वार अश्वासह आतल्या बाजूला झुकतो, तरी त्याला पडल्यासारखे वाटत नाही. गुरुत्व आणि वळणाचा जोर यांची बेरीजच स्फटिकांना जाणवते. डोक्यावर तुळस घेऊन धावणाऱ्या स्त्रियांची नजर स्थिर राहते, कारण डोके हलताच डोळे तितकेच उलट दिशेने वळतात. फुगडीत नलिकांतील द्रव हळूहळू शरीराच्या गतीने फिरू लागतो. पाय थांबले तरी तो वाहत राहतो, म्हणून जग उलटे फिरते आणि तोल जातो. 

इतिहास : या इंद्रियावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विकार : स्फटिक सुटून नलिकेत शिरले, तर कूस बदलताना घेरी येते. डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने वळवून ते जागी आणतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या इंजेक्शनांनी दोन्ही कानांतील केशकोशिका मरू शकतात आणि त्या पुन्हा पुरेशा उगवत नाहीत. असा रुग्ण दिवसा सडकेवर नीट चालतो. अंधारात, नांगरलेल्या रानात किंवा उसाच्या बांधावर मात्र झोकांड्या खातो. ही इंजेक्शने चालू असताना असे घडल्यास डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.