तांबड्या नदीचे अदृश्य कामगार

स्पेनच्या दक्षिणेस, उएल्वा प्रांतातील सिएरा मोरेनाच्या डोंगरांत उगम पावून सुमारे १०० किलोमीटरांचा प्रवास करणाऱ्या रिओ तिंतो नदीचे पाणी गडद तांबडे आणि लिंबाच्या रसाइतके आंबट असून, तिच्या काठी फिनिशियन व्यापाऱ्यांच्याही पूर्वीपासून तांबे आणि चांदी यांचे उत्खनन होत आले आहे. रोमन लोकांनी येथे सोडलेल्या धातुमळीच्या प्रचंड राशी त्यांच्या साम्राज्याच्या हव्यासाची साक्ष देतात; परंतु पुढे कित्येक शतके या खाणी ओस पडल्या, आणि १७२५ मध्ये एका स्वीडिश गृहस्थाने स्पेनच्या सरकारकडून त्या मक्त्याने घेतल्या, तेव्हा कुठे त्यांना पुन्हा जाग आली.

खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यात मोडके लोखंड टाकले असता लोखंड विरघळून त्याच्या जागी तांब्याचा साका बसतो, ही युक्ती येथे अठराव्या शतकातच रूढ झाली. ते तांबे खडकातून पाण्यात कोण उतरवितो, हे मात्र कोणासही ठाऊक नव्हते. १८७३ मध्ये सरकारने खाणी ब्रिटिश भांडवलदारांना विकल्या, आणि नव्या कंपनीने खनिजाच्या राशी उघड्यावर भाजण्याचा सपाटा असा वाढविला की गंधकाच्या धुराने रयतेची पिके करपली व मजुरांचे श्वास कोंडले. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी गाऱ्हाणे घेऊन चौकात जमलेल्या शेतकरी-खाणमजुरांवर फौजेने गोळ्या झाडल्या. सरकारी दप्तराने मृतांचा आकडा १३ नोंदविला. तो खरा मानणे मला अशक्य वाटते, कारण त्या परिसराची स्मृती याहून कितीतरी अधिक प्रेते मोजते. धुरावाचून तांबे देणारी रीत, म्हणजे राशींवर पाणी सोडून ते झिरपू देण्याची, त्याच भूमीत उपलब्ध होती, म्हणून ही हत्या मला अधिकच असह्य वाटते.

त्या रीतीमागचे रहस्य उलगडले ते दूर अमेरिकेत. १९४७ मध्ये कोल्मर आणि हिंकल या संशोधकांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींतील आम्ल पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू दाखवून दिले. लोहमाक्षिकातील लोह व गंधक यांपासून ऊर्जा मिळविणारे हे जीव खनिज फोडतात, गंधकाम्ल उत्पन्न करतात, आणि त्या आम्लातच पोसले जातात. तिंतोच्या पाण्यातही त्यांचे सगोत्र विपुल आहेत, इतकेच नव्हे, तर शैवालेही तेथे नांदतात. नदीच्या पात्राहून उंचावर सापडणारे, याच नदीने पूर्वी साठविलेले लोहयुक्त निक्षेपांचे थर लक्षावधी वर्षांचे जुने आहेत. तेव्हा पाणी तांबडे करण्याचा आरंभ मनुष्याने केला नाही, त्याने खडक फोडून या जिवांपुढे अधिक अन्न मांडले, इतकेच.