अर्ध्या पेनीची शाळा

1870च्या दशकात वेल्सच्या वायव्य टोकाला, लानिस्टिमडुई नावाच्या खेड्यात, रिचर्ड लॉइड नावाचा एक कारागीर बूट शिवून पोट भरत होता. चाळिशी उलटल्यावर तो फ्रेंच व्याकरणाचं पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसू लागला. त्याच्या बहिणीच्या मुलाला वकील व्हायचं होतं. वकिलीच्या पूर्वपरीक्षेला परकी भाषा लागायची आणि गावच्या प्राथमिक शाळेत ती शिकवायची सोय नव्हती. त्यामुळे मामा आधी स्वतः शिकायचा आणि मग भाच्याला शिकवायचा. 1877 साली भाचा परीक्षा पास झाला. पुढे तो डेव्हिड लॉइड जॉर्ज या नावाने ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

असा मामा घरोघरी नव्हता. गावच्या शाळेतून बाहेर पडलेलं पोर दगडाच्या खाणीवर, कोळशाच्या खाणीत किंवा शेतावर कामाला लागायचं. देणग्यांवर चालणाऱ्या जुन्या ग्रामर शाळा होत्या, पण मोजक्याच, आणि त्यांतल्या बहुतेक आंग्लिकन चर्चच्या ताब्यात. वेल्समधली बहुसंख्य माणसं मात्र चॅपेलमध्ये जाणारी होती, म्हणजे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, स्वतंत्र मंडळीची. प्राथमिक शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली ही पोकळी भरण्यासाठी जी शाळा जन्माला आली, तिला लोक ‘कौंटी स्कूल’ म्हणू लागले. कागदोपत्री तिचं नाव होतं ‘इंटरमीजिएट स्कूल’.

तिची कुळकथा सुरू होते ती एका अपमानापासून. 1847 साली सरकारने वेल्समधल्या शिक्षणाचा अहवाल छापला. तो तयार करणारे तिन्ही आयुक्त इंग्रज वकील होते आणि तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हती. ज्या पोरांच्या घरात इंग्रजीचा शब्द नव्हता, त्यांची परीक्षा बहुतेक वेळा इंग्रजीतूनच झाली आणि ती गप्प राहिली की अडाणी ठरली. शाळांच्या दुरवस्थेबद्दल अहवालात बरंच खरं होतं, हे मान्य करायला हवं. पण आयुक्त तिथे थांबले नाहीत. वेल्श भाषा ही प्रगतीतली धोंड आहे आणि वेल्श बायका चारित्र्याने सैल आहेत, असंही त्यांनी लिहून टाकलं. अहवालाच्या खंडांची वेष्टनं निळी होती. त्यामुळे ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ हे नाव वेल्श स्मृतीत कायमचं बसलं. पुढच्या दोन पिढ्यांतले पुढारी, पाद्री आणि संपादक या अपमानाला उत्तर द्यायच्या जिद्दीने शिक्षणामागे लागले.

घरचे आईबाप मात्र त्या अहवालातली एक गोष्ट मनातून मानत होते. इंग्रजी आली नाही तर पोराचं भलं होणार नाही, ही ती गोष्ट. त्या काळच्या काही शाळांत ‘वेल्श नॉट’ नावाची लाकडाची पट्टी असायची. जो वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची, त्याने दुसऱ्या कुणाला पकडलं की ती त्याच्या गळ्यात जायची, आणि अखेरीस ज्याच्याकडे राहील त्या पोराला शिक्षा. सरकारचा असा कुठलाच हुकूम नव्हता. शाळा आपणहून हे करत आणि कित्येक पालकांची त्याला संमती असे. लान्यूक्लिन गावचा ओवेन एडवर्ड्‌स हा मुलगा ती पट्टी गळ्यात घेऊन बसला आणि ती टाळण्यासाठी दुसऱ्या कुणाला पकडून देण्याचं त्याने नाकारलं. हा मुलगा या कथेत पुन्हा भेटणार आहे.

1880 साली ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने लॉर्ड ॲबरडेअर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या वर्षी तिने सांगितलं की दक्षिणेत आणि उत्तरेत एकेक विद्यापीठीय महाविद्यालय हवं आणि खाली माध्यमिक शाळांचं जाळं हवं. महाविद्यालयं लवकर उभी राहिली, 1883 साली कार्डिफला आणि 1884 साली बँगोरला. बँगोरच्या महाविद्यालयासाठी पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या मजुरांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली होती. शाळांचा कायदा व्हायला मात्र 1889चा ऑगस्ट उजाडला. विधेयक मांडणारे स्टुअर्ट रेंडेल हे खासदार, आणि त्यामागे बाला गावाजवळच्या कुळाच्या घरातून आलेला तरुण खासदार टॉम एलिस.

कायद्याची खरी गंमत त्याच्या पैशाच्या व्यवस्थेत आहे. त्याच वर्षी कौंटी कौन्सिलं, म्हणजे जिल्ह्यांची मंडळं, नव्याने निवडून आली होती. प्रत्येक कौंटीत पाच जणांची शिक्षण समिती बसवायची, तिघे कौन्सिलचे आणि दोघे सरकारचे. कौंटीने मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे अर्धी पेनी कर बसवायचा. एका पौंडात 240 पेन्स, तेव्हा हा झाला 480वा हिस्सा. या करातून जेवढे पैसे येतील तेवढेच सरकारी तिजोरीने घालायचे. वर्षभरात आणखी एक झरा मिळाला. मद्याच्या दुकानांचे परवाने रद्द झाल्यास मालकांना भरपाई द्यायची म्हणून दारूवर जादा कर बसवला होता. दारूबंदीवाल्यांनी त्या भरपाईविरुद्ध एवढा गदारोळ केला की सरकारने ती रक्कम कौंट्यांना तांत्रिक शिक्षणासाठी देऊन टाकली. वेल्समध्ये ती माध्यमिक शाळांनाही वापरता आली. लोक तिला ‘व्हिस्कीचे पैसे’ म्हणत. थेंबालाही न शिवणाऱ्या चॅपेलवाल्यांची पोरं या पैशावर लॅटिन शिकली.

1894 साली कायर्नार्व्हनला अशी पहिली शाळा उघडली. शतक बदलेपर्यंत नव्वदहून अधिक शाळा चालू झाल्या होत्या. इंग्लंडला करातून चालणाऱ्या माध्यमिक शाळांसाठी 1902च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. साम्राज्याच्या राजधानीच्या आधी हा लहान, डोंगराळ प्रदेश तिथे पोचला होता.

शाळा उघडली म्हणून पोर तिथे पोचलं, असं मात्र नव्हतं. फी होती. शिष्यवृत्त्या होत्या, पण थोड्या. 1907 साली नियम आला की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेने साधारण चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांना मोफत द्याव्यात. फीपेक्षा मोठा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नसे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा खाणीत गेला तर आठवड्याला पगार घेऊन यायचा. तोच शाळेत गेला तर तो पगार बुडायचा आणि वर पुस्तकं, कपडे, बूट घ्यावे लागायचे. मग घरात बसून ठरवलं जाई की कोण शिकणार आणि कोण कमावणार. कित्येक घरांत थोरला खाणीवर गेला म्हणून धाकटा शाळेत जाऊ शकला. कौंटी स्कूलच्या यशाच्या याद्यांत त्या थोरल्या भावांची आणि बहिणींची नावं कुठेच नाहीत, पण फीचा मोठा वाटा त्यांनीच भरला आहे.

दूरच्या गावांतली मुलं सोमवारी शाळेच्या गावी यायची, भाड्याच्या खोलीत राहायची आणि शुक्रवारी घरी परतायची. सोबत आठवड्याचा शिधा असे: घरचा पाव, लोणी, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा. घरमालकीण तो शिजवून द्यायची आणि भाडं घ्यायची ते खोलीचं. स्नोडन डोंगराच्या पायथ्याशी रिद-धी नावाचं खेडं आहे. तिथल्या शाळामास्तरांचा मुलगा टी. एच. पॅरी-विल्यम्स 1899 साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच, असा पोर्थमॅडॉगच्या कौंटी स्कूलला राहायला गेला. 1912च्या राष्ट्रीय आयस्टेड्‌व्हॉडमध्ये, म्हणजे वेल्श साहित्य-संगीताच्या स्पर्धा-महोत्सवात, त्याने कवितेची खुर्ची आणि मुकुट दोन्ही जिंकले आणि तीन वर्षांनी पुन्हा तेच करून दाखवलं.

1904 साली रोसगाडव्हन गावची तेरा वर्षांची केट रॉबर्ट्‌स कायर्नार्व्हनच्या कौंटी स्कूलमध्ये दाखल झाली. वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत मजूर. घराला लागून थोडी जमीन, चार गुरं. म्हणजे बाप खाणीवरून आला की पुन्हा शेतात, आणि आईचा दिवस कधी संपायचाच नाही. केट सहा वर्षं तिथे शिकली आणि 1910 साली बँगोरच्या महाविद्यालयात गेली. खाणमजुरांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात खाणमजुराची मुलगी पोचली होती. विसाव्या शतकातल्या वेल्श गद्यात तिच्यापेक्षा मोठं नाव क्वचितच सापडेल.

तिची 1936 सालची कादंबरी, ‘त्राएद मेउन कफ्यॉन’, अशाच एका घराची गोष्ट आहे. शिष्यवृत्ती मिळवणारा मुलगा ओवेन कौंटी स्कूलमध्ये जातो. बक्षीस समारंभाला आई जेन मोठ्या कौतुकाने जाते, पण व्यासपीठावरची भाषणं इंग्रजीत असतात आणि तिला काहीच कळत नाही. मुलाचं कौतुक चाललंय एवढंच तिला दिसतं. पुढे पहिल्या महायुद्धात दुसरा मुलगा जातो. लष्करी खात्याचं पत्र येतं, तेही इंग्रजीत, आणि ते वाचून घेण्यासाठी आईला गावच्या दुकानदाराकडे धावावं लागतं. केटचा स्वतःचा धाकटा भाऊ 1917 साली माल्टातल्या इस्पितळात वारला होता. या दुःखातूनच आपण लिहू लागलो, असं ती सांगे.

कौंटी स्कूलचा सगळ्यात मोठा दोष या कादंबरीत उघड दिसतो. 1901च्या जनगणनेत वेल्समधल्या निम्म्या लोकांना वेल्श येत होती. कायर्नार्व्हनसारख्या भागात तर मुलं खेळायची, भांडायची, प्रार्थना करायची ती वेल्शमध्येच. तरी वर्गातली भाषा इंग्रजी. वेल्श हा एक विषय, तोही कित्येक ठिकाणी ऐच्छिक, आणि कधी कधी इंग्रजीतून शिकवलेला. लोकांच्या कराच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शाळांनी लोकांची भाषा दाराबाहेर ठेवली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. 1896 साली स्थापन झालेलं सेंट्रल वेल्श बोर्ड परीक्षा घ्यायचं, प्रमाणपत्र द्यायचं, आणि त्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळायची. ती नोकरी बहुतेक वेळा इंग्रजीत असायची, बरेचदा इंग्लंडातच.

1907 साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षण मंडळाचा वेल्ससाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि मुख्य शाळा-निरीक्षक म्हणून नेमणूक झाली ती गळ्यात पट्टी घेऊन बसलेल्या त्या मुलाची, ओवेन एम. एडवर्ड्‌स यांची. ऑक्सफर्डला इतिहास शिकवता शिकवता त्यांनी लहान मुलांसाठी वेल्श मासिक काढलं होतं. आता त्यांनी कौंटी स्कूलच्या परीक्षापद्धतीवर कडक टीका केली: एकाच साच्यातला अभ्यासक्रम, घोकंपट्टी, हस्तकौशल्याकडे आणि मातीतल्या गोष्टींकडे पाठ. सेंट्रल वेल्श बोर्डाला ते झोंबलं आणि दोघांत जुंपली. एडवर्ड्‌स यांचं म्हणणं खरं होतं. पण खाणमजुराच्या हातात तेव्हा दुसरं साधनही नव्हतं, आणि ते प्रमाणपत्र त्याच्या मुलाला अंधाऱ्या बोगद्यातून बाहेर काढत होतं, हेही तितकंच खरं.

मुलींना तर या शाळेने जे दिलं ते आधी कुठेच नव्हतं. 1889च्या कायद्याने मुलं आणि मुली दोघांची सोय करायला सांगितलं होतं, आणि थोड्याच वर्षांत पटावर मुली जवळपास निम्म्या झाल्या. मुलाला खाण बोलवायची; मुलीपुढे पर्याय दोन, परक्याच्या घरात मोलकरीण किंवा शाळेत शिक्षिका. दुसऱ्या पर्यायाची वाट कौंटी स्कूलमधून जात होती. केट रॉबर्ट्‌स याच वाटेने गेली. दक्षिणेतल्या इस्टालव्हेराच्या कौंटी स्कूलमध्ये तिने वेल्श शिकवली. तिथल्या तिच्या विद्यार्थ्यांत पोलादाच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा होता, जो पुढे ‘ग्वेनाल्ट’ या नावाने मोठा कवी झाला. नंतर ॲबरडेअरच्या मुलींच्या कौंटी स्कूलमध्ये ती 1928 पर्यंत होती. इंग्रजी वर्गातून आलेल्या मुलीने त्याच वर्गात उभं राहून वेल्शला जागा करून दिली.

अनायरिन बेव्हन यांच्या वाट्याला ही शाळा आली नाही. ट्रेडेगारचा हा मुलगा तेराव्या वर्षी प्राथमिक शाळेतून थेट कोळशाच्या खाणीत गेला आणि कामगारांच्या वाचनालयात बसून स्वतः शिकला. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा पुढे त्यांनीच उभारली. अशी किती पोरं त्या खाणींत राहिली, याचा हिशेब मात्र कुणाकडे नाही.

1944च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतली फी संपली आणि कौंटी स्कूलं ग्रामर स्कूल म्हणून नव्या रचनेत गेली. भाषेचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटू लागला. ओवेन एडवर्ड्‌स यांचा मुलगा इफान याने 1939 साली ॲबरिस्टविथला सात मुलांवर वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा उघडली. 1956 साली रिलला सरकारी पैशातून चालणारी वेल्श माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा निघाली, 94 विद्यार्थ्यांची. केट रॉबर्ट्‌स तेव्हा उत्तरेकडच्या डेन्बी गावात राहत होती. तिथेही वेल्श शाळा हवी म्हणून तिने वर्षानुवर्षं आग्रह धरला आणि 1968 साली ती सुरू झाली. केटचं वय तेव्हा 77 होतं.